जिभाऊंची पिकदाणी

पहिला घोट मी गिळला आणि जिभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला.

"गुरुजी, गिळायचं नाही हो! अजून चार बाकी आहेत." त्यांनी टेबलाखाली वाकून एक पितळी पिकदाणी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. चिंचेने घासून लख्ख केलेली. जिभाऊंच्या आजोबांची. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर घरातलं पान गेलं आणि पिकदाणी माळ्यावर जाऊन पडली. जिभाऊंनी वाईन करायला घेतली तेव्हा ती पुन्हा खाली उतरली.

पाहुणा म्हणून जायचं, यजमानाने हाताने ओतून दिलेलं तोंडात घ्यायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत थुंकून टाकायचं, हे माझ्याच्याने होईना. आमच्याकडे ताटात घासभर भाजी उरली तरी यजमानीण तोंड पाडते. जिभाऊ हसले. "मी रोज थुंकतो. गिळत बसलो असतो तर एव्हाना बाग विकून झाली असती."

मी धुळ्याला एका शाळेत मराठी शिकवतो. आमच्या घरात दारू हा एकच शब्द आहे आणि हातभट्टीपासून परदेशी बाटलीपर्यंत सगळं त्यात मावतं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. हजार चौरस फुटांपेक्षा मोठं सुपरमार्केट असं त्यात होतं, पण पारावर पोहोचेपर्यंत त्याचं 'किराणा दुकानात दारू' झालं होतं. मी तावातावाने म्हणालो होतो, "द्राक्षाची असली म्हणून काय झालं, दारू ती दारूच." विज्ञानाच्या सरांनी तेव्हा फक्त ऐकून घेतलं. कायद्यातसुद्धा वाईन-बियरला वयाची अट २१ आहे आणि कडक दारूला २५, एवढंच पुटपुटले. पण लक्षात ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला ते गाडी घेऊन दारात उभे. "चला, माझ्या मामांच्या गावचा माणूस आहे. तुम्ही चव घ्या, मी गाडी चालवतो. मत नंतर द्या."

आईला सांगितलं, पिंपळनेरला एका द्राक्षबागेत जाऊन येतो. खोटं नव्हतं.

साक्री तालुक्यात शिरलं की डोंगरांच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसायला लागतात. पिंपळनेर मागे पडलं की हवा बदलते, पांझरेच्या उगमाकडचा हा भाग धुळ्यापेक्षा गार. सटाण्याची अर्ली द्राक्षं आम्हाला दिवाळीच्या सुमारास बाजारात दिसतात, ती इथून डोंगरापलीकडची. जिभाऊंची बाग मात्र खायच्या द्राक्षांची नाही. शेड म्हणजे पत्रे, कोबा, आत स्टीलच्या सहा टाक्या, त्यातल्या दोन बंद पडलेल्या दूध डेअरीतून लिलावात घेतलेल्या. एका कोपऱ्यात आठ लाकडी पिंपं. वर्षाला जेमतेम सहा हजार बाटल्या निघतात. पाटीसुद्धा नाही. दारात शेळी बांधलेली.

"बठा गुरुजी, आधी पानी पी ल्या," म्हणत त्यांनी तांब्या पुढे केला. आणि मग वाईनचं नावही न काढता आम्हाला बागेत नेलं.

कॅबरने सॉव्हिन्यों, म्हणजे लाल वाईनचं एक काळं द्राक्ष, त्याच्या शेवटच्या चार ओळी तोडायच्या राहिल्या होत्या. मणी एवढासा, काळाकुट्ट, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. मी तोंडात टाकला तर अर्धं तोंड सालीनेच भरलं आणि बाकीचं बियांनी. पण गोड किती! जिभाऊंनी खिशातून दुर्बिणीसारखी नळी काढली, रिफ्रॅक्टोमीटर, काचेवर एक थेंब पिळला आणि मला उजेडाकडे धरायला लावलं. २४. म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण चोवीस ग्रॅम साखर. आपण खातो त्या थॉमसनला १७-१८ पुरतात. "ही साखर यीस्ट खातं आणि तिची अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का. करा हिशेब." हिशेब विज्ञानाच्या सरांनी केला. तेरा-चौदा टक्के.

मग त्यांनी एक मणी बोटांत दाबून रस माझ्या तळहातावर पाडला. पांढरा. म्हणजे पाण्यासारखा. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, कारण इतकी वर्षं माझी समजूत अशी की लाल वाईन म्हणजे लाल रस. रंग सगळा सालीत असतो. याच द्राक्षाचा रस सालीवेगळा करून आंबवला तर पांढरी वाईनही होईल. म्हणून लाल वाईन करताना रस, साल, बिया सगळं एकत्र आंबवतात.

"आता बी चावा," जिभाऊ म्हणाले. ते स्वतः चावत होतेच. बी हिरवी असेल तर कडूजहर, पिकलेली असेल तर तपकिरी आणि भाजलेल्या दाण्यासारखी कुडकुडीत. तोडणीचा दिवस ते नळीवर ठरवत नाहीत, दातावर ठरवतात. एकरी बारा टन घेता येतील तिथे ते घड काढून टाकून चार टनांवर थांबतात, हे ऐकून माझ्यातला शेतकऱ्याचा मुलगा कळवळला.

त्यांनी २००६ मध्ये ही लावण केली, एका कंपनीशी करार करून. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर अशा करारांची लाटच आली होती. २००८ ची मंदी आली आणि पुढच्या हंगामात कंपनीचा ट्रक आलाच नाही. माल वेलावर मनुका झाला. शेजाऱ्यांनी जेसीबी लावून वेल उपटले, डाळिंब लावलं, आणि डाळिंब पुढे तेल्या रोगाने नेलं. जिभाऊंनी उपटले नाहीत. का, ते त्यांना नीट सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी शेळीला हाक मारली.

शेडमध्ये परत आल्यावर आधी टाकी. चार दिवसांपूर्वी गाळप केलेली शिराझ, लाल वाईनचं दुसरं द्राक्ष, आत रटरटत होती. चुलीवर ठेवल्यासारखी, पण खाली जाळ नाही. वर सालींचा हातभर थर तरंगून आला होता आणि एक पोरगा लांब दांड्याने तो खाली दाबत होता. दिवसातून चार वेळा हे करावं लागतं, नाहीतर साल वरच सुकते, रंग उतरत नाही आणि आंबूस वास धरतो. मी वाकून बघायला गेलो तर जिभाऊंनी दंडाला धरून मागे ओढलं. काडी पेटवून टाकीच्या तोंडाशी नेली. काडी फुसकन विझली. "जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात ना, तीच हवा." कार्बन डायऑक्साइड. आमच्या गावच्या विहिरीत गाळ काढायला उतरलेली दोन माणसं त्या हवेने गेली होती, मी चौथीत असताना. मी चार पावलं मागे सरकलो आणि बाकीचा वेळ त्या टाकीकडे पाठ केली नाही.

चव घ्यायला बसलो तेव्हा साडेदहा वाजले होते. जेवणानंतर नाही, दातांना पेस्टचा वास असताना नाही, तंबाखू खाऊन तर नाहीच. पांढऱ्या टेबलक्लॉथऐवजी शाळेच्या वहीचा कोरा कागद. त्यावर पेला तिरका धरून रंग बघायचा. नवी वाईन कडेला जांभळट, जुनी होत जाईल तशी विटकरी. मग पेला गोल फिरवायचा म्हणजे वास सुटतो. मी जोरात फिरवला आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर चांगला मोठा शिंतोडा घेतला. नळावर जाऊन साबण लावला तर लाल डाग बघता बघता निळा झाला. मी घाबरलोच. जिभाऊ म्हणाले, हळदीचा डाग साबणाने लाल होतो ना, तसाच द्राक्षाचा निळा. विज्ञानाच्या सरांनी यावर छोटासा तास घेतला. तो इथे देत नाही.

पहिला पेला त्याच रटरटत्या टाकीतला. हा मी गिळला तो. गोड, झिणझिणता, गढूळ, सकाळची नीरा दुपारी प्यायल्यासारखा. याची चव म्हणून काही सांगायचं नसतं, फक्त पुढे काय होणार त्याची कल्पना येते.

दुसरा गेल्या वर्षीची शिराझ, लाकडी पिंपात न ठेवलेली. बाटली आली ती ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, माठाशेजारून. लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जिभाऊंचा प्रश्न रास्त आहे: कोणाची रूम? मे महिन्यात जळगावच्या खोलीत ४४ असतं. त्या तापमानाला वाईन नुसती जाळते, वास सगळा स्पिरिटचा. त्यांनी दुधाचा थर्मामीटर बुडवून दाखवला. १७. सोळा ते अठरा, त्यावर नाही.

"काय येतंय?"

मी आधी जे वाचून गेलो होतो ते आठवायला लागलो. चेरी, प्लम, ब्लॅकबेरी. यातली चेरी मी केकवर खाल्लेली, ती बहुधा करवंदाचीच असते. बाकीची दोन पाहिलेली नाहीत. तरी म्हणालो, "ब्लॅकबेरी." जिभाऊंनी मान हलवली, विद्यार्थ्याने पाठ करून आणलेलं उत्तर ऐकताना मी हलवतो तशीच. मला ओशाळल्यासारखं झालं. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, निबंधात स्वतःचं लिहा.

पुन्हा नाक घातलं. डोळे मिटले. या वेळी जे आलं ते बोलून टाकलं. "जांभूळ. पिकून खाली पडलेलं, थोडं मातीत मळलेलं. आणि... आईच्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं काहीतरी. मिरी."

जिभाऊ गप्प झाले. मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "आयकस का? गुरुजींनाबी मिरी उनी!"

वहिनी हात पुसत आल्या. "मिरीनाच वास शे ना?" मला विचारलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की जुन्या खटल्याचा निकाल आज लागला.

गोष्ट अशी, की जिभाऊंना स्वतःला तो वास येत नाही. कधीच आलेला नाही. पहिल्या वर्षी नाशिकहून आलेला एक जाणकार म्हणाला, तुमच्या शिराझमध्ये मिरी छान उतरली आहे, आणि हे पेला हुंगत राहिले. त्यांना वाटलं नाक बिघडलं. धुळ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. पुढे कोणीतरी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधून काढलं, की शिराझचा तो वास रोटंडोन नावाच्या एका द्रव्याचा आहे. आपल्या काळ्या मिरीतही तेच द्रव्य असतं. आणि पाचांतल्या साधारण एका माणसाला तो वास येतच नाही. नाक धडधाकट असतं, फक्त तेवढंच दार बंद.

तेव्हापासून शिराझचा निकाल वहिनी देतात. त्या एक थेंबही तोंडाला लावत नाहीत, माळकरी घरच्या आहेत. पण दरवर्षी काळा मसाला घरी भाजतात. कोणत्या टाकीत मिरी आहे, कोणत्यात नाही, ते नुसत्या वासावर सांगतात आणि जिभाऊ खडूने टाकीवर खूण करतात. "मी करतो ती वाईन मला अर्धीच कळते," ते म्हणाले, अगदी सहज, पाऊस कमी पडला म्हणावं तसं.

तिसरी कॅबरने, दोन वर्षांची. तिने तोंड आवळून घेतलं. कच्ची सुपारी, केळीचा चीक, जांभळाची बी, सगळ्या तुरट गोष्टी एकदम. जीभ टाळूला चिकटली. सालीबियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून तोंड कोरडं पडतं. बाभळीच्या सालीने कातडी कमावतात तेही टॅनिननेच. म्हणजे घटकाभर माझी जीभ कमावली जात होती. वासाला हिरवी ढोबळी मिरची, थोड्या मटाराच्या शेंगा. जिभाऊंना हा वास आवडत नाही, त्या वर्षी आठवडाभर लवकर तोडली असं ते म्हणतात. मला आवडला. तसं सांगितलं तर ते म्हणाले, "बेस. मग तुमच्यासाठी चुकली नाही."

मी चौथ्यासाठी पेला पुढे केला तेव्हा लक्षात आलं, की आधीच्या दोन्ही वेळा मी थुंकलो होतो आणि काही वाटलं नव्हतं.

चौथी पिंपातली. दोन्ही द्राक्षं मिसळून वर्षभर लाकडात ठेवलेली. ओकचं पिंप, २२५ लिटरचं, परदेशातून आलेलं. एकाची किंमत चांगल्या दुभत्या गाईएवढी आणि गाय निदान वासरू तरी देते. तीन-चार हंगामांनंतर त्यातला वास उतरून जातो, मग ते नुसतं भांडं. जिभाऊंनी काचेच्या लांब नळीने बुचाच्या भोकातून वाईन ओढून पेल्यात सोडली, मी हुंगलं आणि मला हसूच आलं. सुकं खोबरं. विस्तवावर भाजलेलं, कडा काळ्या होईपर्यंत. काळ्या मसाल्याच्या दिवशी गल्लीभर सुटतो तो वास. मला वाटलं मी आता सगळीकडे मसालाच हुंगायला लागलोय, पण नाही. ओकच्या लाकडातच खोबऱ्याच्या वासाचं द्रव्य असतं, अमेरिकन ओकमध्ये फ्रेंचपेक्षा जास्त. हे पिंप अमेरिकन होतं. त्याच्या मागोमाग थोडा धूर, थोडी तंबाखूची कोरडी पानं. तुरटपणा होता, पण आवळत नव्हता.

पाचवी त्यांनी प्यायला दिली नाही. बाटली उघडून नुसती नाकाखाली धरली. नेलपॉलिश! त्यामागून व्हिनेगर. एका वर्षी ऐन आंबवणीत रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद. आतली उष्णता चढत गेली, यीस्ट मेलं, साखर अर्धी तशीच राहिली आणि मग भलत्याच जिवाणूंनी ताबा घेतला. दोन हजार लिटर ओढ्याकाठी ओतावे लागले, परवानगीचे कागद करून. त्यातली एक बाटली ते ठेवून आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला हुंगवतात. चांगल्या चार दाखवून झाल्यावर ही वाईट एक का, ते मी विचारलं नाही.

जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, कांद्याची पात. इथे मी एक प्रयोग केला आणि पस्तावलो. ठेच्याचा घास घेऊन वर कॅबरनेचा घोट घेतला. तोंडात वणवा. तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीवर रॉकेल, त्यात तुरटपणा. शेवभाजीबरोबर तर विचारच करू नका, वाईनही वाया आणि शेवभाजीही. पण भरीत! काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं, वर तेलात परतलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप, आणि पिंपातली ती चौथी. धुराला धूर भेटला, तेलाने तुरटपणा पुसला. हा घोट मी थुंकला नाही. जिभाऊंनी बघितलं आणि पिकदाणी हळूच टेबलाखाली ठेवून दिली.

ते स्वतः ताक पीत होते.

माझं जुनं मत बदललं का? सुपरमार्केटच्या बाबतीत फारसं नाही. गावात दारूने उठलेली घरं मी मोजून दाखवू शकतो. ते सरांना परतीच्या वाटेवर सांगितलंही, आणि ट्रकांच्या रांगेमागे आमचा वाद साक्रीपर्यंत चालला. पण शिक्षकखोलीत मी बोललो होतो ते चव न घेता बोललो होतो, एवढं कबूल केलं.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने आधी तोंडाकडे बघितलं, मग बाहीकडे.

"हाऊ डाग कसाना रे? शाईना शे का?"

निळाच होता. मराठीचा मास्तर, बाहीवर निळा डाग. मी हो म्हणून टाकलं आणि सदरा काढून तिच्या हातात दिला. तिने तो बादलीत टाकण्याआधी, सवयीने, नाकाशी नेला. थांबली. पुन्हा हुंगला.

"शाई नही हाई. जांभूळना वास ई राहिना." मग माझ्याकडे बघून, "फेब्रुवारीमा जांभूळ कथाईन उनं रे?"